जुनी फोर-बाय-फोर, ऑटो गिअरबॉक्स: गरम झाली की गाडी जागची उठत नाही

केतकी

नमस्कार मंडळी,

गाडी १९९५ ची जीप चेरोकी. ४ लिटरचं पेट्रोल इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक. सकाळी थंड असताना काहीही तक्रार नसते. अर्धा-पाऊण तास चालून नीट तापली की मात्र सिग्नलला थांबून पुन्हा निघताना उठतच नाही. इंजिन नुसतं रेस होतंय आणि गाडी ओढत नाहीये, असं नाही. उलट आरपीएम दबलेले राहतात, मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं. कशीबशी चाळीस-पन्नासच्या वेगाला पोचली की पुढे सगळं सुरळीत.

मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि सांगितलं, 'बॉक्स गेला, उतरवून पूर्ण उघडावा लागेल.' त्यांनी ऑइलची दांडीसुद्धा बाहेर काढून पाहिली नाही, म्हणून मन मानत नाही. बॉक्स उघडण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? माझ्याकडे मल्टीमीटर आहे आणि तो वापरता येतो.

रानवाट

ऑइल बदलून बघा. जुन्या ऑटो गिअरच्या निम्म्या तक्रारी ऑइलच्या असतात. मशीनवर पूर्ण फ्लश करून घ्या, सगळं जुनं निघून जाईल.

पानापक्कड

केतकीताई, फ्लश आत्ता नको, आणि बॉक्स उघडणं तर मुळीच नको. आधी तीन गोष्टी सांगा:

१. गरम असताना रिव्हर्स कसा आहे? तेवढाच दबलेला की नेहमीसारखा?
२. गाडी उठत नाही त्याच वेळी लिव्हर डी मधून १-२ वर आणला तर काय होतं?
३. दांडीवरचं ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. रंग आणि वास कसा आहे?

तुमच्या बॉक्सची पातळी बघायची पद्धत अशी: गाडी सपाट जागी, पूर्ण तापलेली, इंजिन चालू. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून परत पार्कमध्ये आणा आणि मग दांडी काढा. इंजिन बंद करून बघितलं तर कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधला, ऑइलमधून ताकद पोचवणारा भाग) ऑइल खाली उतरतं आणि पातळी खोटी, जास्त दिसते. सगळ्या गाड्यांना हीच रीत लागू नाही. क्रायस्लरच्या जुन्या बॉक्सना हेच माप न्यूट्रलमध्ये घेतात. म्हणून मॅन्युअल बघितल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून ऑइल ओतू नका. जास्त भरलेलं ऑइल घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाळ ऑइलवर बॉक्समधले क्लच (गिअर धरून ठेवणाऱ्या प्लेटा) धरत नाहीत.

भटक्या

स्टॉल टेस्ट करा की सरळ. ब्रेक दाबायचा, डी मध्ये टाकायचं, ॲक्सिलरेटर तळापर्यंत, आणि आरपीएम किती येतात ते बघायचं. पाच मिनिटांत निकाल.

पानापक्कड

भटक्या, ती टेस्ट खरी आहे आणि उपयोगाचीही आहे, पण जुन्या बॉक्सवर ती शेवटी करायची. त्या वेळात इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जिरते. पाच सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही, चारही चाकांना ठोकळे लावून, समोर कुणी उभं नसताना, आणि दोन टेस्टच्या मध्ये न्यूट्रलमध्ये ऑइल गार होऊ देऊन. आरपीएम ठरलेल्यापेक्षा जास्त आले तर क्लच घसरतायत किंवा प्रेशर कमी आहे. बरेच कमी आले तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा, म्हणजे ऑइलचा प्रवाह वळवणाऱ्या चाकाचा, एकदिशा क्लच गेलाय. इथे ताईंनी सांगितलेलं लक्षण घसरण्याचं नाहीच, त्यामुळे या टेस्टची घाई नाही.

केतकी

उत्तरं घेऊन आले.

रिव्हर्स गरम असतानाही अगदी नेहमीसारखा. गाडी उठत नाही तेव्हा १-२ वर टाकलं, तर पहिल्या दिवशीसारखी निघाली! हे मी आजवर कधी करून पाहिलं नव्हतं. '३' वर मात्र डी सारखीच दबलेली.

ऑइल: पातळी दोन खुणांच्या मध्ये. टिश्यूवर तपकिरीकडे झुकलेला लाल ठिपका, कडेला गुलाबी वलय. जळका वास नाही. काळे कण दिसत नाहीत.

पानापक्कड

ताई, ही उत्तरं वाचून बरं वाटलं. मेकॅनिकचं निदान विसरा. तुमचा बॉक्स बहुधा धडधाकट आहे आणि दुखणं वायरिंगमध्ये आहे. का ते नीट सांगतो, कारण हे कळलं की पुढच्या सगळ्या तपासण्या तुम्हाला स्वतःला सुचतील.

तुमच्या गाडीत ऐसिन-वॉर्नरचा एडब्ल्यू४ बॉक्स आहे. त्यात गिअर बदलायला दोन सोलेनॉइड (करंटवर चालणारे ऑइलचे व्हॉल्व्ह) असतात, एस१ आणि एस२. तिसरा कन्व्हर्टरच्या लॉकअपसाठी (वेगात कन्व्हर्टर क्लचनं थेट जोडून टाकणं), तो आत्ता बाजूला ठेवू. डॅशबोर्डखालचा कंट्रोलर, म्हणजे टीसीयू, या दोघांना करंट देतो किंवा तोडतो आणि त्यातून चार गिअर मिळतात:

पहिला: एस१ चालू, एस२ बंद
दुसरा: दोन्ही चालू
तिसरा: एस१ बंद, एस२ चालू
चौथा: दोन्ही बंद

आता समजा एस१ ला करंट पोचतच नाही. पहिला आणि दुसरा या दोघांनाही एस१ लागतो, म्हणजे ते दोन्ही गेले. तिसरा आणि चौथा यांना तो लागतच नाही, ते शाबूत. अशी गाडी डी मध्ये तिसऱ्या किंवा चौथ्यावर उठायचा प्रयत्न करणार. आरपीएम दबलेले राहणार, वेग आला की सगळं ठीक वाटणार. हुबेहूब तुमची तक्रार. १-२ वर मात्र लिव्हर व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला बॉक्समधला ठोकळा) हातानं फिरणारा व्हॉल्व्ह सरकवतो, तिथे सोलेनॉइड बंद असले तरी पहिला गिअर मिळतो. म्हणून गाडी उठली. रिव्हर्ससुद्धा लिव्हरच्याच जोरावर चालतो, म्हणून तोही ठीक.

स्टेटरचा क्लच गेला असता तर गाडी १-२ मध्येही मेल्यासारखी उठली असती आणि रिव्हर्सलाही. इंजिन अशक्त असतं तरी तसंच. एका १-२ च्या चाचणीनं या दोन्ही शंका बाद झाल्या.

पुढची पायरी. मोकळा, सपाट रस्ता बघा. गाडी उभी असताना टीसीयूचा फ्यूज काढा. आता बॉक्स पूर्णपणे तुमच्या हातात: १-२ म्हणजे पहिला, ३ म्हणजे तिसरा, डी म्हणजे चौथा. १-२ वर निघा, वेग थोडा वाढला की ३, मग डी. वेगात असताना परत १-२ वर मात्र आणू नका. प्रत्येक गिअर लागल्यावर ॲक्सिलरेटर थोडा दाबून बघा. आरपीएम एकदम वर न जाता गाडी ओढत असेल, तर पंप, प्रेशर आणि त्या गिअरचे क्लच ठीक आहेत. या पद्धतीत दुसरा गिअर येतच नाही, तेव्हा त्याचा ब्रेक (बॉक्सच्या आतला, चाकांचा नव्हे) तपासायचा राहतो. तो थंड गाडीत नेहमीच्या चालवण्यात बघता येईल.

बॉक्स उतरवायला सांगणाऱ्या प्रत्येकानं आधी हा एक फ्यूज काढून चक्कर मारायला हवी, असं माझं ठाम मत आहे. चांगला चालणारा बॉक्स उगाच उघडला की त्यात धूळ जाते, सील बदलतात, आणि मूळ वायर तशीच तुटलेली राहते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सुलभा

किती छान समजावलंत. ऑटो गिअरबॉक्स म्हणजे बंद पेटी, असंच आजवर वाटायचं.

एक विचारते. स्कॅनर लावून कोड का नाही बघायचा?

पानापक्कड

सुलभाताई, ओबीडी-२ चं, म्हणजे आजचे स्कॅनर जोडतात ते पोर्ट अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं. ही गाडी ९५ ची. तिचे कोड वाचायला त्या काळचं खास यंत्र लागतं. आणि कोड मिळाला असता तरी तो 'एस१ सर्किट' एवढंच सांगतो. सर्किट म्हणजे सोलेनॉइड, त्याची वायर, मधले कनेक्टर, टीसीयू, सगळंच. शेवटी मीटर घेऊन बसावंच लागतं.

भटक्या

विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. माझी फोर-बाय-फोर वेगळी आहे, पण तीही नव्वदच्या दशकातली. गिअरबॉक्सचं ऑइल हळूहळू कमी होतं आणि खाली मात्र एक थेंब दिसत नाही. जातं कुठे?

पानापक्कड

तीन वाटा आहेत, आणि तिसरी फक्त फोर-व्हीलवाल्यांच्या नशिबी.

पहिली, रेडिएटरच्या टाकीतला कूलर. तो आतून फुटला तर ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. दांडीवर दुधाळ गुलाबी काही दिसलं तर गाडी त्या क्षणी बंद करा. पाणी क्लच प्लेटचं अस्तर चिकटवणारा गोंद सोडवतं, आणि मग बॉक्स खरोखरच जातो.

दुसरी, व्हॅक्यूम मॉड्युलेटर, तुमच्या बॉक्सला असेल तर. डबी एवढा भाग, इंजिनच्या व्हॅक्यूमला रबरी नळीनं जोडलेला. आतला पडदा फाटला की इंजिन ऑइल ओढून जाळतं आणि मागून पांढरा धूर येतो. नळी काढून आत बोट घाला. ऑइल लागलं तर चोर सापडला.

तिसरी, ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टचं सील कडक झालं की ऑइल मागे ट्रान्सफर केसमध्ये झिरपतं. बाहेर थेंबही येत नाही. गाडी सपाट उभी करून ट्रान्सफर केसचा भरायचा बोल्ट सोडा. खाली भांडं ठेवा, कारण सील गेलं असेल तर ऑइल धारेनं बाहेर येईल. पुष्कळ ट्रान्सफर केसमध्येही एटीएफच (ऑटो गिअरबॉक्सचं लाल ऑइल) असतं, तेव्हा लाल दिसलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे पातळीच काय ते सांगते. तुमच्या केसमध्ये जाड गिअर ऑइल असेल तर मात्र ते पातळ आणि लालसर झालेलं लगेच ओळखू येईल.

भटक्या

बोल्ट सोडला. धार लागली. आभार, सील मागवतो.

रानवाट

पानापक्कड, फ्लशला इतका विरोध का? माझ्या गाडीला फ्लशनंतर फरक पडला होता.

पानापक्कड

ऑइल वेळेवर बदलत आलेल्या गाडीला फ्लशनं नुकसान होत नाही. पण वर्षानुवर्षं हात न लावलेल्या बॉक्समध्ये मशीनच्या प्रवाहानं तळाचा गाळ सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो. त्यापेक्षा खालचा बोल्ट सोडून जेवढं निघेल तेवढं काढायचं, तेवढंच मापून नवं घालायचं, थोडी गाडी चालवायची आणि पुन्हा तेच करायचं. एका वेळी साधारण निम्मंच बदलतं, कारण बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांमध्ये असतं. वेळ लागतो, पण बॉक्सला झटका बसत नाही.

आणि मुख्य म्हणजे, निदानाआधी ऑइल बदललं की पुरावाच ओतून दिला. पॅन काढाल तेव्हा तळाचं लोहचुंबक नीट बघा. बोटावर घेतल्यावर लोण्यासारखा मऊ, करडा लेप असेल तर ती वयाची झीज आहे, घाबरायचं कारण नाही. बोटांत चुरताना टोचणारे लोखंडाचे तुकडे, पितळी चमक किंवा काळे पापुद्रे दिसले तर मात्र बॉक्स उघडणं टळत नाही.

केतकी

फ्यूज काढून चक्कर मारली. तुम्ही म्हणालात तसंच. १-२ वर पहिला, मग एकदम तिसरा, मग चौथा. गाडी पूर्ण गरम होती, तरी एकही गिअर घसरला नाही. एवढा विश्वास या गाडीवर बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता.

आता मीटर कुठे लावू?

पानापक्कड

उत्तम. टीसीयूचा कनेक्टर काढा आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूनं एस१ ची पिन आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये ओहम मोजा. सोलेनॉइडचं दुसरं टोक बॉक्सच्या बॉडीलाच जोडलेलं असतं, म्हणून एक टोक बॉडीला चालतं. मग एस२ ची पिन. दोन्ही ११ ते १५ ओहम यायला हवेत. वायरचे रंग वर्षागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. तुमची तक्रार गरम झाल्यावरची आहे, म्हणून थंड गाडीत मोजून 'ठीक आहे' म्हणालात तर काहीच हाती लागणार नाही. तक्रार चालू असतानाच मोजायचं. आणि दुसरं, तांब्याचा ओहम तापमानाबरोबर वाढतो. २० अंशाला १३ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशाला १६ च्या आसपास दाखवेल. हे वाचून सोलेनॉइड बदलायला धावू नका. ११-१५ चा आकडा थंड कॉइलचा आहे. आपण शोधतोय ते सर्किट तुटल्याची खूण, म्हणजे मीटरवर काहीच न येणं किंवा आकडा शेकड्यांत उडणं.

एस१ टीसीयूजवळ तुटलेला दिसला तर तेवढ्यावर थांबू नका. बॉक्सजवळचा कनेक्टर काढून तिथून खाली बॉक्सकडे मोजा. तिथेही तुटलेला असेल तर दोष आत आहे, पॅन काढून सोलेनॉइड किंवा आतली वायर बघावी लागेल. तिथे ठीक आला तर दोष या दोन कनेक्टरांच्या मधल्या वायरीत.

केतकी

मोजलं. थंड असताना टीसीयूजवळ दोन्ही १३ च्या आसपास. मग गाडी तापवली, सिग्नलला नेहमीसारखी अडली, तशीच बाजूला घेऊन बंद केली आणि लगेच मोजलं. एस२ वर १६. एस१ वर मीटर काहीच दाखवत नाही!

बॉक्सजवळच्या कनेक्टरवर एस१: १६.

म्हणजे मधली वायर ना?

पानापक्कड

मधलीच. आता हात फिरवून शोधा, पण एक्झॉस्ट गार झाल्यावर. हार्नेस कुठे क्लिपमधून सुटलाय, कुठे पाइपाला किंवा शाफ्टला टेकतोय, तिथे आधी बघा. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला आकडा बघायला सांगून वायर इंचाइंचानं वाकवा.

सुलभा

केतकी, तोवर अजून एक बघून घे. आमच्या गाडीला थांबताना आणि निघताना 'टक्' असा ठोका बसायचा, आणि आम्हाला ते गिअरबॉक्सचंच वाटत होतं. निघाला मागच्या प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड, आतले दाते कोरडे पडले होते. ग्रीस भरल्यावर ठोका गेला.

पानापक्कड

सुलभाताईंनी फार मोलाचं सांगितलं. फोर-व्हीलमध्ये इंजिनपासून चाकापर्यंत इतके सांधे असतात की ठोका कुठूनही येऊ शकतो: क्रॉस (शाफ्टचा वाकणारा सांधा), शाफ्टचे दाते, गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग, ट्रान्सफर केसची सैल चेन. पुढची-मागची टायरं वेगवेगळ्या मापाची असतील आणि कडक रस्त्यावर पार्ट-टाइम फोर-व्हील लावून ठेवला असेल, तर सगळी ओढ शाफ्टमध्ये पीळ होऊन साठते आणि सुटताना धडाका होतो. त्यात बॉक्सचा काही संबंध नसतो.

तसाच आणखी एक चकवा. सत्तर-ऐंशीच्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते, आणि कुणी म्हणतं बॉक्स, कुणी म्हणतं प्लग. अशा वेळी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. ब्रेकच्या स्विचनं लॉकअप सुटतो, आरपीएम थोडे वर जातात. थरथर त्याच क्षणी थांबली तर लॉकअप क्लच, चालूच राहिली तर इंजिनची मिसफायर. रस्ता रिकामा असतानाच करा.

केतकी

सापडली!!

हार्नेसला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप वयानं तुटली होती. हार्नेस घसरून एक्झॉस्टच्या पत्र्यावर टेकला होता. बाहेरचं वेष्टण नुसतं काळवंडलेलं, फाटलेलं कुठेच नाही, म्हणून डोळ्यांना काही दिसलं नसतं. पण एस१ ची वायर त्या जागी बोटांना काडीसारखी कडक लागली. वाकवली की मीटरवर आकडा गायब, सरळ केली की परत हजर. कापून बघितली तर आतलं तांबं हिरवं पडलं होतं, आणि बहुतेक तारा तुटून दोन-तीनच एकमेकींना टेकत होत्या. पत्रा तापला की त्याही सुटत असणार.

खराब तुकडा काढून त्याच जाडीची नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक, आणि हार्नेस पत्र्यापासून लांब नव्या क्लिपनं बांधला. गाडी चांगली तापवून चढावर थांबवली आणि निघाले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मोजता आले.

पानापक्कड, तुमचे आभार कसे मानू? एक शेवटचं विचारते. दुसरा गिअर लागताना थोडा मऊ, लांबलेला वाटतो. आता ऑइल बदलू का?

पानापक्कड

फार आनंद झाला, ताई. ऑइल बदला, वर सांगितलं तसं टप्प्याटप्प्यानं, डेक्स्रॉन ३ च्या दर्जाचं. पण त्याआधी थ्रॉटल बॉडीवरून बॉक्सकडे जाणारी केबल बघा. एडब्ल्यू४ मध्ये ऑइलचं प्रेशर ही केबल ठरवते. ती सैल असेल तर जोर लावताना प्रेशर वाढत नाही, क्लच जरा जरा घसरतात, गिअर मऊ लागतात आणि अस्तर हळूहळू जळतं. मऊ गिअर सुखद वाटतात, पण या बॉक्सला ते मानवत नाहीत.

इंजिन बंद ठेवा. केबलच्या टोकाशी एक बटण आहे, ते दाबून धरून बाहेरचं कव्हर पूर्ण मागे ढकला आणि बटण सोडा. मग थ्रॉटल हातानं पूर्ण उघडा. केबल टिकटिक करत आपोआप योग्य जागी येऊन बसते. मग एक चक्कर मारून दुसरा गिअर कसा लागतो ते इथे लिहा.

केतकी

केलं. तीन-चार टिकटिक ऐकू आल्या. दुसरा आता नेमका लागतो, लांबत नाही. ऑइलचं काम रविवारी, पॅन काढून चुंबकाचा फोटो इथेच टाकते.